प्रेमकथेत मांजर आडवं जातं तेव्हा

लिओ मॅक्केरी यांच्या 'द ऑफुल ट्रुथ' (१९३७) या चित्रपटाच्या अगदी शेवटी एक काळी मांजर येते. नवरा-बायकोचा घटस्फोट त्या रात्री बाराच्या ठोक्याला पक्का व्हायचा आहे. एका मावशीच्या खेड्यातल्या घरात दोघं शेजारशेजारच्या दोन खोल्यांत झोपायला गेली आहेत. मधल्या दाराची कडी नीट लागत नाही. वारा आला की दार आपोआप उघडतं, दोघं एकमेकांकडे बघतात, काहीतरी निरर्थक बोलतात, दार पुन्हा लोटलं जातं. घड्याळाचा काटा बाराकडे सरकतो आहे. मग एकदा वारा सुटतो आणि दार उघडत नाही. का, तर दाराशी ती काळी मांजर ऐसपैस पसरली आहे.

ही मांजर कोणाची, आली कुठून, तिचं नाव काय, हे चित्रपट सांगत नाही. ती काही सेकंद दिसते आणि जाते. पण केरी ग्रांट आणि आयरीन डन यांचं लग्न टिकतं की मोडतं, हे त्या सेकंदांत तिच्या अंगाच्या वजनावर अवलंबून असतं. आपल्याकडे मांजर आडवं गेलं की काम बिघडतं म्हणतात. इथे ते आडवं पडलेलं आहे, आणि ते हलण्याची वाट सगळं थिएटर बघतं.

गेली बरीच वर्षं मी एका वहीत अशा मांजरांची नोंद ठेवतो आहे. जुन्या हॉलिवुडच्या हलक्याफुलक्या प्रेमपटांत येऊन जाणारी मांजरं. हा काही फार प्रतिष्ठेचा अभ्यासविषय नाही, हे मला कळतं. घरच्यांनाही ते कळतं आणि ते ती वही 'मांजरांची वही' म्हणून इतरांना दाखवतात. तरी मला असं वाटत आलं आहे की या चित्रपटांत जे मोठ्यानं बोलता येत नव्हतं, त्यातलं पुष्कळसं या मांजरांकडे सोपवलेलं असे. त्याची कारणं काही अंशी कायद्याची आहेत, काही तंत्राची. आणि एक कारण माझं स्वतःचं आहे, त्याकडे मी शेवटी येईन.

आधी कायद्याचं. १९३४ पासून अमेरिकेत 'प्रॉडक्शन कोड' नावाची आचारसंहिता कडकपणे अमलात आली. जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाच्या मंजुरीच्या शिक्क्याशिवाय मोठ्या स्टुडिओंचा चित्रपट थिएटरात लागणं जवळजवळ अशक्य झालं. लग्नाची थट्टा नको, व्यभिचार आकर्षक दिसायला नको, शयनगृहातली दृश्यं जपून. विवाहित जोडप्यांनाही पडद्यावर सहसा दोन वेगळे पलंग मिळत. आता ज्या प्रकारच्या चित्रपटाचा सगळा प्रश्नच 'ही दोघं एका खोलीत येणार की नाही' असा असतो, त्यानं काय करायचं? त्यानं दारं, भिंती, घड्याळं, पडदे आणि जनावरं कामाला लावली. 'द ऑफुल ट्रुथ'मध्ये नवरा बायकोच्या खोलीत शेवटी येतो. त्यानंतर आपल्याला फक्त घड्याळ दिसतं. त्यात ठरावीक वेळानं एक बाई आणि एक पुरुष अशा दोन बाहुल्या आपापल्या छोट्या दारातून बाहेर येऊन परत जात असतात. बाराला मात्र पुरुष-बाहुली आपलं दार सोडून बाईच्या मागे तिच्या दारातून आत जाते. चित्रपट संपतो. सेन्सॉरला आक्षेप घ्यायला जागा नाही आणि प्रेक्षकाला शंका घ्यायला जागा नाही. मॅक्केरींना या चित्रपटासाठी दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. ते बाहुलीसाठी दिलं की मांजरीसाठी, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे.

याच चित्रपटात एक कुत्राही आहे, मिस्टर स्मिथ. त्याचं काम मांजरीच्या शंभरपट. त्याचा ताबा कोणाकडे जावा यावर न्यायालयात सुनावणी होते. न्यायाधीश कुत्र्यालाच निवड करायला सांगतात, तेव्हा बायको हळूच त्याचं आवडतं खेळणं त्याला दाखवून खटला जिंकते. मिस्टर स्मिथची भूमिका करणाऱ्या कुत्र्याचं नाव स्किपी. 'द थिन मॅन'मधला अ‍ॅस्टा तोच, आणि पुढच्या वर्षी 'ब्रिंगिंग अप बेबी'मध्ये डायनॉसॉरचं हाड पळवणारा जॉर्जही तोच. स्किपी कथानकात भाग घेतो. वस्तू लपवतो, शोधून काढतो, चुकीच्या माणसासमोर आणून टाकतो. कुत्रा माणसाच्या तोंडाकडे बघतो, त्याला त्यात शिरायचं असतं. म्हणून त्या काळच्या विनोदी प्रेमपटांत कुत्र्याला भूमिका मिळते आणि मांजरीला उपस्थिती.

यामागे तंत्राची अडचण मोठी आहे. मांजर शिकत नाही असं नाही. खाण्याच्या आमिषानं ती ठरावीक जागी जाते, उडी मारते, बसून राहते. पण ती एक गोष्ट शिकते आणि पोट भरलं की तीही करत नाही. त्यामुळे सेटवर एका भूमिकेसाठी सारख्या दिसणाऱ्या अनेक मांजरी ठेवायची रीत पडली. एक उडी मारणारी, एक मांडीवर स्वस्थ बसणारी, एक पळणारी. आणि मांजरीचा प्रसंग शक्यतो एका छोट्या तुकड्यात उरकायचा, नट वेगळे, मांजर वेगळी, आणि संकलनाच्या टेबलावर दोघांची भेट. पडद्यावर मांजर येऊन पटकन जाते याचं अर्धं कारण दिग्दर्शकाची अभिरुची असेल, पण अर्धं कारण चित्रीकरणाच्या दिवसाचा खर्च आहे.

हे कोणाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर त्रुफोचा 'डे फॉर नाइट' (१९७३) बघावा. चित्रपट फ्रेंच आहे आणि प्रेमपटही नाही, चित्रपट कसा बनतो याबद्दलचा चित्रपट आहे. त्यात एका जोडप्यानं बंगलीत रात्र घालवली आहे, सकाळी न्याहारीचा ट्रे दाराबाहेर ठेवला जातो आणि एक मांजराचं पिल्लू येऊन त्यातलं दूध पितं, एवढंच घ्यायचं आहे. पिल्लू ट्रेकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला हळूच ढकलतात, ते भलतीकडे जातं. सगळा ताफा श्वास रोखून उभा, रीळ फिरतं आहे, पैसे फिरताहेत. अखेर दुसरी मांजर आणतात आणि ती सरळ येऊन बशीला तोंड लावते. दिग्दर्शकाची भूमिका करणारे खुद्द त्रुफोच आहेत. या प्रसंगामागे त्यांचाच १९६४ चा 'द सॉफ्ट स्किन' आहे, त्यात तो ट्रे आणि ते मांजर खरोखर आहे. बघा, काम तेच. बंद दारामागे रात्र झाली, हे दाराबाहेरचं मांजर सांगतं. फ्रान्समध्ये ब्रीनसाहेबांचं कार्यालय नव्हतं, तरीही. म्हणजे ही युक्ती निव्वळ सेन्सॉरच्या धाकातून आलेली नव्हती, असं म्हणायला जागा आहे. आपल्याकडेही मांजर डोळे मिटून दूध पितं असं म्हणतात, ते काही दुधाबद्दल नसतं.

मार्जारकुळातला सर्वांत मोठा पाहुणा अर्थातच 'ब्रिंगिंग अप बेबी' (१९३८) मधला बिबट्या. हॉवर्ड हॉक्स यांचा हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा साफ पडला, आज तो त्या प्रकाराचा नमुना मानतात. कॅथरिन हेपबर्नच्या घरी भावानं बेबी नावाचा पाळीव बिबट्या पाठवला आहे. पुढे सर्कशीतून सुटलेला एक खरोखर हिंस्र बिबट्याही गोष्टीत येतो. दोन्ही भूमिका निसा नावाच्या एकाच जनावरानं केल्या. प्रशिक्षक ओल्गा सेलेस्ट या बाई चाबूक घेऊन कॅमेऱ्यामागे उभ्या असत. केरी ग्रांट बिबट्याजवळ जायला तयार नसे. म्हणून ज्या चौकटींत तो आणि बिबट्या एकत्र दिसतात त्यांतल्या काही दोन वेगळी चित्रं जोडून केलेल्या आहेत, नीट बघितलं तर सांधा जाणवतो. हेपबर्नला मात्र भीती नव्हती. ती एकदा झटकन वळली, झगा फिरला आणि निसा तिच्या पाठीवर झेपावली, सेलेस्टबाईंचा चाबूक वाजला म्हणून निभावलं, असं तिनंच पुढे सांगितलं आहे. माझ्या वहीत या चित्रपटाला पानं कमी आहेत. बिबट्या मजेचा आहे, पण तो येऊन जात नाही, तो ठाण मांडतो.

१९५८ चा 'बेल, बुक अँड कँडल' याच्या उलट. किम नोव्हाक ही न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधली चेटकीण, दुकानदारीण. तिची सयामी मांजर पायवॅकेट. हे नाव पटकथालेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मॅथ्यू हॉपकिन्स नावाच्या गृहस्थानं चेटकिणी शोधून फासावर चढवण्याचा उद्योग केला. १६४७ मध्ये त्यानं पुस्तिका छापली, तिच्यात छळून मिळवलेल्या कबुलीजबाबातल्या चेटक्या प्राण्यांची नावं आहेत, त्यांतलं हे एक. ज्या नावापायी कोणे एके काळी बायका मेल्या ते नाव तीनशे वर्षांनी सोफ्यावरच्या मांजरीला लागलं. नोव्हाक तिला छातीशी धरून गुणगुणते आणि वरच्या मजल्यावरचा जेम्स स्ट्युअर्ट प्रेमात पडतो. कॅमेरा तिच्या डोळ्यांवरून मांजरीच्या डोळ्यांवर जातो, दुसरं काही करत नाही. पुढे चेटकिणीला स्वतःलाच खरं प्रेम जडतं तेव्हा तिची विद्या जाते, आणि विद्या गेल्याचं पहिलं चिन्ह म्हणजे मांजर तिला सोडून निघून जाते. हिचकॉकच्या 'टू कॅच अ थीफ'मध्ये (१९५५) कौलांवरून चालणारी काळी मांजर दागिने चोरणाऱ्या 'कॅट'चं सोंग घेते, तेही छान आहे, पण ते कोडं सोडवायला दोन मिनिटं लागतात आणि मग उरत काही नाही.

आता ऑरेंजी. हा बोका होता, नावाप्रमाणे नारिंगी, पट्ट्यापट्ट्यांचा. फ्रँक इन यांनी त्याला शिकवलं. 'रूबार्ब' (१९५१) या चित्रपटात तो नायकच आहे. एक लहरी कोट्यधीश मरताना आपला बेसबॉलचा संघ एका भटक्या बोक्याच्या नावे करून जातो, रे मिलंडला त्याचं पालकत्व मिळतं आणि मिलंडच्या वाग्दत्त वधूला नेमकी मांजराच्या केसांची अ‍ॅलर्जी असते. 'द इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन'मध्ये (१९५७) बोटाएवढ्या झालेल्या माणसाच्या जिवावर उठणारा बोकाही तोच. स्वभावानं तो अतिशय खाष्ट होता म्हणतात. काम झालं की पळून जाई आणि चित्रीकरण खोळंबे, म्हणून स्टुडिओच्या दाराशी कुत्रे बसवत, अशी एक कथा त्याच्याबद्दल सांगतात. खरी असो वा नसो, त्या बोक्याला ती शोभते.

ऑरेंजीला 'पॅट्सी' हे पारितोषिक दोनदा मिळालं, असा तो एकटाच मार्जार. पडद्यावरच्या प्राण्यांसाठीची ही पारितोषिकं अमेरिकन ह्यूमन असोसिएशननं १९५१ मध्ये सुरू केली, पहिलं फ्रान्सिस नावाच्या बोलक्या खेचराला मिळालं. ही संस्था हॉलिवुडमध्ये आली त्यामागची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. १९३९ च्या 'जेसी जेम्स' या चित्रपटासाठी एका घोड्याला कड्यावरून पाण्यात ढकललं गेलं आणि तो मेला. त्यावर ओरड झाली आणि १९४० पासून संस्थेचे निरीक्षक सेटवर येऊ लागले. त्यांना तो अधिकार मिळाला तो त्याच प्रॉडक्शन कोडच्या आधारानं. पलंग पडद्याबाहेर ठेवणाऱ्या त्या नियमावलीत प्राण्यांच्या छळाबद्दलही एक ओळ होती. त्या नियमावलीची टिंगल मीही पुष्कळ केली आहे, पण ही ओळ वाचल्यापासून जरा बेतानं करतो.

ऑरेंजीचं दुसरं पारितोषिक 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज' (१९६१) साठी. दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्स, हॉली गोलाइटली झालेली ऑड्री हेपबर्न, शेजारी राहणारा लेखक पॉल म्हणजे जॉर्ज पेपर्ड. हॉलीच्या घरात धड सामान नाही, अर्ध्या कापलेल्या टबाचा सोफा आहे आणि एक बोका आहे. बोक्याला नाव नाही. ती त्याला नुसतं 'कॅट' म्हणते. नाव द्यायचा आपल्याला हक्क नाही, आम्ही दोघं एकमेकांचे कोणी नाही, असं तिचं म्हणणं.

हे मी पहिल्यांदा १९७९ मध्ये पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला ऐकलं, तेव्हा आजूबाजूचे लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आमच्याकडे साताऱ्याला जितकी मांजरं झाली ती सगळी 'मनी' होती. मांजर असेल तर मनी, नसेल तर बोका. एक मनी गेली की दुसरी मनी. गाईला नाव असे, शेजारच्या कुत्र्याला असे, मांजराला नसे. ते घरात राहत होतं, घरचं नव्हतं.

१९६३ च्या पावसाळ्यात त्यातल्या एका मनीनं सलग दुसऱ्या वर्षी कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांमागे पिल्लं घातली. पिल्लं कोणी कोणी नेली. वडील म्हणाले, आता मनीलाही पोचवायचं. 'पोचवणं' हा आमच्या भागात रूढ शब्द. मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडायचं, म्हणजे ते परत येत नाही. मी आठ वर्षांचा होतो. वडिलांनी सायकल काढली, मला मागे कॅरिअरवर बसवलं आणि पोतं माझ्या मांडीवर दिलं. माहुलीच्या पुलापर्यंत पोतं ओरडत होतं, कृष्णेवर आल्यावर गप्प झालं. पलीकडे वडिलांनी तोंड सोडलं. मनी बाहेर आली, पावसात दोन पावलं गेली आणि बसली. वडील म्हणाले, 'चल, बघू नकोस मागे.' मी बघितलं नाही. घरी येईपर्यंत एक शब्द बोललो नाही. रडलोही नाही, हे मला जास्त लागून राहिलं आहे.

त्यामुळे 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज'च्या शेवटी टॅक्सी थांबते तेव्हा मी इतरांसारखा नसतो. मुसळधार पाऊस आहे. हॉली विमानतळाकडे निघाली आहे, ज्या श्रीमंत ब्राझिली माणसाशी लग्न करायचं त्यानं माघार घेतल्याचं पत्र नुकतंच आलं आहे. ती दार उघडते आणि बोक्याला गल्लीत सोडून देते. हे दृश्य करताना हेपबर्नला फार यातना झाल्या, आपल्या कारकिर्दीतलं ते सर्वांत नकोसं काम, असं ती पुढे सांगत असे. पॉल तिला चार शब्द सुनावून उतरून जातो. मग ती धावत मागे जाते, बोका शोधते, तो खोक्यांच्या आडोशाला सापडतो, आणि पावसात पॉल आणि ती एकमेकांना मिठी मारतात. बोका दोघांच्या मध्ये, तिच्या कोटात.

ट्रुमन कपोटी यांच्या मूळ कादंबरिकेत (१९५८) असं नाही. तिथली हॉली सांगते की हे मांजर आपल्याला असंच एका नदीकाठी भेटलं. तीही त्याला टॅक्सीतून सोडते, तीही पस्तावून मागे जाते. पण मांजर नसतं. ती विमानानं निघून जाते आणि पुन्हा येत नाही. मांजर शोधायचं वचन निवेदकानं दिलेलं असतं, कित्येक आठवडे तो त्या वस्तीत हिंडतो, आणि एके दिवशी एका उबदार दिसणाऱ्या खोलीच्या खिडकीत ते बसलेलं त्याला दिसतं. त्याला घर मिळालेलं असतं. निवेदकाचं आणि हॉलीचं प्रेमबीम काही नाही.

अभ्यासक एकमतानं सांगतात की चित्रपटानं कपोटींची गोष्ट गोड केली. पटकथाकार जॉर्ज अ‍ॅक्सलरॉड यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, प्रेमपटात दोघांनी एकत्र यावंच लागतं. हे मान्य. पण कसं आणलं ते बघा. हॉली पॉलसाठी परत येत नाही, निदान आधी नाही. ती पॉलला ओलांडून गल्लीत मांजर शोधत राहते. टाकलेलं जनावर परत उचलता येतं का, एवढा एकच प्रश्न त्या मिनिटाला पडद्यावर असतो. चुंबन त्याच्यामागून येतं. 'द ऑफुल ट्रुथ'मधलं मांजर दारातून हलल्यावर प्रेमिक भेटतात, इथे ते सापडल्यावर. चोवीस वर्षांत प्रेमपटाची भाषा बरीच बदलली, हे काम मात्र मांजराकडेच राहिलं.

साहित्य म्हणून कादंबरिका सरस आहे, याबद्दल मला शंका नाही. तिचा शेवट खरा आहे. मांजरं स्वतःची सोय लावतात, आणि आपण त्यांना सापडावं ही त्यांची गरज नसते. माहुलीपलीकडेही कुणाच्या तरी ओटीवर मनी बसली असेल, असं मी ती वाचून संपवल्यावर स्वतःला सांगितलं आणि त्याचा उपयोगही झाला. पण पुन्हा बघतो तो चित्रपटच.

वडील नव्वदीच्या घरात असताना मी त्यांना एकदा त्या सायकलवरच्या फेरीबद्दल विचारलं. ते पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, 'कुठली मांजर?' मग जरा थांबून, 'खूप होती रे,' आणि पेपर पुन्हा वर केला.

मागच्या पावसाळ्यात तो शेवट मी एक-एक चौकट थांबवून बघितला. वहीत नोंद करायची होती, बोका पडद्यावर नेमका किती वेळ आहे याची. नोंद राहिलीच. प्रेमिकांचे डोळे मिटलेले आहेत, संगीत चढतं आहे, आणि दोघांच्या मध्ये दाबला गेलेला, चिंब भिजलेला तो बोका. मला दर वेळी वाटतं, तो बाहेर निघायची वाट बघतो आहे.